कर्ज न काढता पदवी: प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी करायची कामे

बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो आणि दुसरा पैशांचा. हा दुसरा प्रश्न प्रवेश निश्चित करण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असताना विचारला गेला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा शैक्षणिक कर्ज, सोनेतारण किंवा ओळखीतल्या कुणाकडून व्याजाने घेतलेली रक्कम असेच निघते. तोच प्रश्न बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला विचारला, तर हातात बरेच पर्याय असतात. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातील कुटुंबाला पदवीसाठी कर्ज काढावे लागेलच असे नाही. मात्र सवलतीची रक्कम गुणांपेक्षाही दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते: प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला, आणि त्या दिवशी हातात कोणते दाखले होते. पुढील मार्गदर्शन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

प्रवेशाचा मार्ग आधी ठरवा

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, विधी, व्यवस्थापन अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सर्वजण ज्याला ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून होतात. २०२४पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएस या अभ्यासक्रमांसाठीही सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आली आहे, आणि ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या अनेक पालकांपर्यंत उशिरा पोहोचते. राज्य शासनाच्या फीसवलतीच्या प्रमुख योजना याच प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाशी बांधलेल्या आहेत. त्याच महाविद्यालयात, त्याच शाखेत, त्याच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचा प्रवेश कॅपमधून आणि दुसऱ्याचा व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर झाला असेल, तर पहिल्याला सवलत मिळू शकते आणि दुसऱ्याला चारही वर्षे पूर्ण फी भरावी लागते. खासगी विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठे यांतील प्रवेशालाही या योजना लागू होत नाहीत. जाहिरातीत ‘शिष्यवृत्ती उपलब्ध’ असे लिहिलेले असले, तरी ती शिष्यवृत्ती शासनाची आहे की संस्थेने स्वतःच्या फीत दिलेली सूट आहे, आणि दुसऱ्या वर्षी ती टिकण्यासाठी किती गुणांची अट आहे, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आवडते महाविद्यालय कॅपमध्ये थोडक्यात हुकले म्हणून घाईने व्यवस्थापन कोट्यातून जागा घेणे हा कर्जाकडे नेणारा सर्वांत सामान्य रस्ता आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन पायऱ्या खालचे, पण कॅपमधून मिळालेले महाविद्यालय स्वीकारणे चार वर्षांच्या हिशेबात बहुतेक कुटुंबांना अधिक हिताचे ठरते. आणि जिथे पावतीशिवाय ‘देणगी’ मागितली जाते, तिथून सरळ बाहेर पडावे. अशी रक्कम घेण्यास महाराष्ट्रात १९८७च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध अधिनियमाने बंदी आहे.

सीमाभागातील मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत स्वतंत्र तरतूद असते, आणि तिचे पुरावे अर्जासोबतच जोडावे लागतात.

फीच्या पावतीतल्या ओळी वाचा

विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक महाविद्यालयाचा मंजूर आकडा संकेतस्थळावर जाहीर होतो. तो आकडा पाहताना एकूण रकमेवर थांबू नये. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात, आणि सवलतीच्या योजना मुख्यतः शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांनाच लागू होतात. विकास शुल्क, अनामत, विद्यापीठाची किरकोळ शुल्के, बस आणि वसतिगृह यांचा भार घरावरच राहतो. ‘फी माफ’ हे शब्द ऐकून निर्धास्त झालेल्या पालकांना प्रवेशाच्या दिवशी पंधरा-वीस हजारांची पावती समोर येते, ती यामुळेच.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मंजूर फी वर्षाला १,१०,००० रुपये आहे; त्यात १,००,००० शिक्षण शुल्क आणि १०,००० विकास शुल्क. सवलत नसलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत ४,४०,००० रुपये लागतील. खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ज्याला कार्यालयांत अजूनही ‘ईबीसी’ म्हणतात, शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. त्याचा खर्च वर्षाला ६०,००० आणि चार वर्षांत २,४०,००० होईल. ही योजना कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे, त्यामुळे तीन भावंडे असतील तर तिसऱ्याच्या फीचा विचार थोरल्याच्या प्रवेशाच्या वेळीच करावा. याच महाविद्यालयात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) किंवा ओबीसी प्रवर्गातील, त्याच उत्पन्नमर्यादेतील मुलगी असेल, तर जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार तिचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते आणि चार वर्षांचा आकडा ४०,००० रुपयांच्या आसपास येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि त्याहून अधिक उत्पन्न असेल तर ‘फ्रीशिप’ म्हणून ओळखली जाणारी शुल्क प्रतिपूर्तीची वेगळी योजना आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले म्हणून अर्जच न करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

आता एका छोट्या अक्षराकडे वळू. कॅपचा पर्याय अर्ज भरताना प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेला एक सांकेतिक क्रमांक असतो, आणि काही क्रमांकांच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असते. ही टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा. मंजूर जागांच्या ५ टक्के इतक्या या जागा मूळ क्षमतेच्या वर असतात. साठ विद्यार्थ्यांच्या शाखेत त्या फक्त तीन होतात. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेतील विद्यार्थ्याला त्या गुणवत्तेवर मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क माफ होते. जागा मोजक्या असल्याने त्यांचा कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, आणि ‘आपल्याला कुठली मिळते’ असे म्हणून मुले ती ओळ सोडून देतात. असे करू नये. प्रत्येक पसंतीच्या शाखेसाठी आधी ‘टी’चा पर्याय आणि त्याच्या लगेच खाली साधा पर्याय, अशी जोडी लावत जावी, वरचा पर्याय मिळाला नाही तरी खालच्याची संधी त्यामुळे कमी होत नाही. एक बंधन मात्र समजून घ्यावे: या जागेवरून नंतर शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही, म्हणून नको असलेल्या शाखेचा ‘टी’ केवळ स्वस्त पडतो म्हणून वर लिहू नये.

दाखले: बारावीच्या दिवाळीआधी

जून महिन्यात सेतू केंद्रासमोर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो आणि तलाठ्यांचा अहवाल मिळायला वेळ लागतो. म्हणून अधिवासाचा दाखला बारावीच्या पहिल्या सत्रातच काढून ठेवावा. तो एकदा मिळाला की पुन्हा काढावा लागत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. नोकरदार पालकांकडे फॉर्म १६ असला तरी तो या दाखल्याच्या जागी चालेल असे गृहीत धरू नये, उलट दाखला काढताना पुरावा म्हणून तो जोडावा. उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, त्यामुळे तो एप्रिल उलटल्यावर लगेच काढणे सोयीचे. नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या वर्षात संपणार नाही ना, हेही तेव्हाच पाहावे.

सर्वांत जास्त वेळ खाते ती जात वैधता. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याला जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यासाठीचा अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. वडिलांकडील रक्तनात्यात कुणाची वैधता झालेली असेल, तर तिची प्रत जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते. तसे नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील नोंद, जुना महसुली उतारा असे पुरावे गोळा करावे लागतात, आणि प्रकरण दक्षता पथकाकडे गेले तर महिने उलटतात. वैधता वेळेत न आल्याने राखीव जागा हातची जाते आणि तिच्याबरोबर फीची सवलतही जाते. ही एक अडचण टाळण्यासाठी दहावीच्या सुट्टीपासून धावपळ केली तरी ती वाया जात नाही.

नावांतील फरक हा क्षुल्लक वाटणारा, पण अर्ज अडकवणारा प्रकार आहे. आधारवर वडिलांचे नाव ‘दत्तू’ आणि मुलीच्या गुणपत्रिकेवर ‘दत्तात्रय’ असेल, तर उत्पन्नाच्या दाखल्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे तिच्याशी जुळवून घ्यावीत. उलट दिशेने जाणे फार कष्टाचे असते.

महाडीबीटीवरचा अर्ज

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. प्रवेश मिळाला म्हणजे सवलत आपोआप लागू झाली असे होत नाही. अर्ज वेगळा करावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरणही करावे लागते. अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, तेथून प्राचार्यांच्या मंजुरीने संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी असेल तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. म्हणून अर्ज भरल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहण्याची सवय ठेवावी. नोंदणी करताना सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल क्रमांक देण्याची चूक होऊ देऊ नये. पुढच्या वर्षी ओटीपीसाठी त्याला शोधत फिरावे लागते.

रक्कम जमा होते ती आधार क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात. अर्जात कोणते खाते लिहिले होते यावर ते अवलंबून नसते. नवीन सिम घेताना किंवा मोबाइलवरून एखादे पेमेंट बँकेचे खाते उघडताना आधार तिकडे जोडले गेले, तर शिष्यवृत्ती तिकडेच जाते आणि विद्यार्थी इकडे पासबुक भरून घेत राहतो. आधार कोणत्या बँकेशी संलग्न आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहावे, आणि खाते बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलेले नाही ना याचीही खात्री करावी.

सवलतीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी केवळ त्याच्या वाट्याची रक्कम घ्यावी, असे शासनाचे महाविद्यालयांना निर्देश आहेत. तरीही ‘आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगितले जाते, आणि कर्ज निघते ते बरेचदा या एका वाक्यामुळे. अशा वेळी वाद न घालता प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहावा, त्यात योजनेचे नाव आणि शासन निर्णयाची तारीख घालावी, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि उत्तर लेखी मागावे. एवढ्यावर बहुतेक वेळा मार्ग निघतो. न निघाल्यास तोच पोच असलेला कागद घेऊन तंत्रशिक्षण किंवा उच्चशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जावे.

राहण्याजेवण्याचा खर्च

फी निम्मी झाली किंवा माफ झाली की खरा खर्च खोली आणि मेसचा उरतो, आणि पुण्या-मुंबईत तो वर्षाला फीच्याही पुढे जातो. म्हणून महाविद्यालयांची तुलना फीवर न करता ‘फी, अधिक राहणे, अधिक जेवण, अधिक प्रवास’ या बेरजेवर करावी. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये या बेरजेत अनेकदा पुण्यातील मध्यम दर्जाच्या खासगी महाविद्यालयापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात, आणि शिक्षणातही कमी नसतात.

घराबाहेर राहणे भाग असेल तर आधी समाजकल्याण विभागाच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहांचे अर्ज भरावेत. तेथे प्रवेश मिळाला नाही, तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि ओबीसी, भटक्या विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ईबीसीचा अर्ज करणारे अनेक विद्यार्थी तिचा अर्ज करायचे विसरतात.

वडील किंवा आई बांधकामावर काम करत असतील, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी चालू ठेवणे हे घरातले सर्वांत मोलाचे काम समजावे. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,०००, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणासाठी १,००,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी मागील वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. गवंड्याच्या, सेंट्रिंग कामगाराच्या, रंगाऱ्याच्या घरात हे माहीत नसणे मला फार सलते. ज्यांना माहीत आहे त्यांनी शेजाऱ्याला आवर्जून सांगावे.

पुण्यात ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी १९५५पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती अल्प खर्चात राहण्याजेवण्याची सोय करते. निवड मुलाखतीने होते आणि निवास म्हणजे स्वतःची कामे स्वतः करण्याची शिस्तही असते. मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीची चौकशी करावी. शिवाय ‘कमवा आणि शिका’ आहेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची वाट बांधली. आज विद्यापीठांत आणि अनेक महाविद्यालयांत त्याच नावाने योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशा ठिकाणी रोज काही तास काम करून तासावर मानधन मिळते. त्यातून मेसचा काही भाग निघतो. सगळा खर्च निघेल अशी अपेक्षा ठेवून नियोजन करू नये. नावनोंदणी सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच विद्यार्थी विकास विभागात करावी, कारण जागा ठरावीक असतात.

कमी खर्चाच्या वाटा

अभियांत्रिकीच करायची असेल तर दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि मग थेट द्वितीय वर्षात प्रवेश, ही वाट कनिष्ठ महाविद्यालय आणि खासगी क्लास यांचा दोन वर्षांचा खर्च वाचवते. सीईटीच्या क्लासची लाखभराची फी हीही शिक्षणाच्या खर्चातच धरली पाहिजे. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हा एक प्रश्न विचारावा. एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीत अनेक पटींचा फरक असतो. घरची जबाबदारी असलेल्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी करत पदवी घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

केंद्राच्या योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल पाहावे. बारावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, वर्षाला ५०,००० रुपयांची प्रगती शिष्यवृत्ती आहे. एकीचा लाभ घेताना दुसरी सोडावी लागते का, हे नियम वाचून ठरवावे आणि मोठ्या रकमेची निवडावी.

मुले अजून लहान असतील तर बचतीला वेळ आहे. दहा वर्षांखालील मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी खाते वर्षाला २५० रुपयांपासून चालू ठेवता येते, आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ज्यांच्या हातात चार-पाचच वर्षे आहेत त्यांना पोस्टाचे आवर्ती ठेव खाते पुरेसे आहे. विकास शुल्क आणि पहिल्या महिन्याची मेस एवढी रक्कम जरी त्यातून उभी राहिली, तरी प्रवेशाच्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेवटी, रक्कम आल्यानंतरची एक काळजी. शिष्यवृत्तीची रक्कम कधी वर्षअखेरीस, कधी पुढच्या वर्षी जमा होते, आणि काही योजनांत तिच्यात महाविद्यालयाच्या फीचाही वाटा असतो. खात्यावर एकदम चाळीस हजार दिसले की नवा मोबाइल किंवा घरची अडचण समोर येते. पण फीचा तो भाग ठरलेल्या दिवसांत महाविद्यालयात भरून पावती घ्यायची असते. तो खर्च झाला तर महाविद्यालयाची थकबाकी उभी राहते, आणि गुणपत्रिका किंवा शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला हवा असतो नेमक्या त्याच वेळी ती समोर येते. जमा झालेल्या रकमेतील फीचा भाग कोणता आणि निर्वाह भत्ता कोणता, हे मंजुरीच्या तपशिलात वेगवेगळे दाखवलेले असते. त्याची छापील प्रत फीच्या पावत्यांसोबत एकाच फायलीत लावून ठेवावी.